पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम: छोट्या युनिटने वाढता खर्च सांभाळायचा कसा, पायरी पायरीने

वाळूज असो, चिकलठाणा-शेंद्रा असो, जालन्याची एमआयडीसी असो नाहीतर लातूर-नांदेड, वीस-पंचवीस माणसांचं युनिट चालवणाऱ्या कुठल्याही मालकासोबत चहाला बसा, विषय शेवटी तिथंच येतो की पगार देणं जमतंय हो, पगाराच्या वरचं जे जातंय त्याने कंबरडं मोडलंय. मी अशाच छोट्या युनिट्सचं पेरोल, चलानं, सेटलमेंट बघतो, त्यामुळे ही तक्रार रोज कानावर येते आणि ती खोटी नाही. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्याला बदलतो, त्याच्या मागे पीएफ वाढतो, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) वाढते, माणसं जुनी होतात तसं देणं साचत जातं, आणि ग्रुप मेडिक्लेमचं रिन्युअल आलं की एजंट नवा आकडा घेऊन दारात उभा. पण एक गोष्ट मनापासून सांगतो, बहुतेक ठिकाणी झटका बसतो तो हा खर्च आधी कधी कागदावर मांडलेलाच नसल्यामुळे. मांडला की रस्ते दिसायला लागतात, आणि त्यातले बरेच रस्ते असे आहेत की कामगाराचं काहीही न कापता मालकाचं ओझं हलकं होतं.

खाली मालक आणि अकाउंट बघणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण कामगाराने वाचलं तर त्याचाच फायदा आहे, यातला बहुतेक पैसा त्याच्याच नावाचा आहे.

पायरी १: एका माणसाचा पूर्ण खर्च काढा

समजा एका ऑपरेटरचा ग्रॉस २०,००० आहे. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १३,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) ४,०००, स्पेशल अलाउन्स ३,०००. बरेच जण पीएफ फक्त त्या १३,००० वर भरतात. पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की जो अलाउन्स सगळ्यांना सरसकट दिला जातो तो पीएफच्या हिशोबात बेसिकमध्येच धरायचा. म्हणजे पीएफचा पगार झाला १६,०००, आणि कायद्याची मर्यादा १५,००० असल्यामुळे भरायचं १५,००० वर. मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८००, अ‍ॅडमिन चार्ज अर्धा टक्का म्हणजे ७५, विम्याचा म्हणजे ईडीएलआयचा अर्धा टक्का अजून ७५, झाले १,९५०. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, मालकाचा वाटा ३.२५ टक्के, तो जुन्या हिशोबाने पूर्ण २०,००० वर, म्हणजे ६५०. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याला पगाराच्या ४.८१ टक्के बाजूला पडले पाहिजेत, १६,००० वर ते साधारण ७७०. एकूण ३,३७०. म्हणजे २०,००० चा माणूस २३,३७० ला पडतो आणि यात बोनस, रजेचा पगार, बस, युनिफॉर्म काहीच धरलेलं नाही.

त्याच माणसाच्या हातात काय जातं बघा. पीएफ १,८००, ईएसआय पाऊण टक्का १५०, प्रोफेशनल टॅक्स २००, कापून १७,८५०. मालक म्हणतो मी तेवीस हजारावर मोजतो, कामगार म्हणतो मला पावणेअठराच्या आसपास मिळतात, दोघंही खरंच बोलतात. मधले साडेपाच हजार कुठं जातात हे दोघांना एकाच कागदावर दाखवलं तर निम्मे वाद तिथंच संपतात, मी हे होताना बघितलंय.

तर एक एक्सेल शीट बनवा. प्रत्येक माणसाची एक ओळ, त्यात जॉइनिंगची तारीख, जन्मतारीख, ५८ कधी पूर्ण होतात, बेसिक-डीए, इतर भत्ते, ईएसआयमध्ये आहे का, आणि आजच्या तारखेला त्याने राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी किती. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्वाचा, त्याच्यावर पुढं सविस्तर येतो. आणि एक रकाना 'समजा'चा ठेवा, पीएफची मर्यादा १५,००० वर सप्टेंबर २०१४ पासून अडकलेली आहे, त्याआधी ६,५०० होती, ती वाढवायची मागणी जुनी आहे. समजा उद्या ती २५,००० झाली तर २५,००० च्या सुपरवायझरमागे मालकाचे महिन्याला १,३०० वाढतात. तुमच्याकडे असे किती जण आहेत ते आजच माहीत असलेलं बरं, म्हणजे मोठ्या कंपनीला जॉब वर्कचा रेट देताना ते डोक्यात राहील.

पायरी २: पगाराची फोड सरळ करा

बेसिक खाली दाबायचं आणि बाकी सगळं भत्त्यात टाकायचं ही आपल्याकडची जुनी युक्ती. ती आता संपल्यात जमा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड म्हणजे नवे कामगार कायदे लागू झालेत आणि त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की एचआरए, कन्व्हेन्स वगैरे वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. उदाहरण घ्या, ग्रॉस २०,०००, बेसिक ८,०००, एचआरए ७,०००, कन्व्हेन्स ५,०००. वगळायचे भत्ते १२,००० झाले, १०,००० च्या वरचे २,००० परत वेतनात येतात, म्हणजे वेतन १०,०००. आता यात मेख अशी आहे की ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर आणि झालेल्या सगळ्या वर्षांवर मिळते, त्यामुळे हा फरक फक्त पुढच्या महिन्यांपुरता राहत नाही. १८ वर्षं झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी ८,००० वर ८३,०७७ होती, ती १०,००० वर १,०३,८४६ झाली. एका माणसामागे वीस हजारावर, एका झटक्यात.

ज्यांची फोड आधीपासून सरळ होती त्यांना यातलं काहीच जाणवलं नाही. म्हणून माझा सल्ला, भत्त्यांचे दहा रकाने काढून टाका, बेसिक-डीए ग्रॉसच्या निम्म्याच्या वर ठेवा, एचआरए ठेवा आणि विषय संपवा. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच भरत असाल तर पीएफचा खर्च याने वाढत नाही, हेही लक्षात घ्या, लोक उगीच घाबरतात.

अजून एक युक्ती म्हणजे कागदावर १९ माणसं. पीएफ २० ला लागतो, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी १० ला, म्हणून मस्टरवर आकडा दाबायचा आणि बाकीच्यांना व्हाउचरवर पैसे द्यायचे. ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात, आणि एकदा कव्हर झालं की नंतर संख्या कमी झाली तरी सुटका नाही. ज्या दिवशी व्हाउचरवरच्या पोराचा अपघात होतो त्या दिवशी या युक्तीचा हिशोब समोर येतो, आणि तो हिशोब पीएफच्या पंधरा-वीस वर्षांच्या पैशापेक्षा मोठा असू शकतो. नका करू.

पायरी ३: ग्रॅच्युइटीचा पैसा महिन्याच्या महिन्याला वेगळा काढा

सगळ्यात जास्त मालक इथंच अडकतात. पीएफ-ईएसआय दर महिन्याला १५ तारखेच्या आत भरावंच लागतं म्हणून ते दिसतं. ग्रॅच्युइटी दिसत नाही, ती आत आत वाढत असते. सूत्र साधं आहे, शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरायचं. पाच वर्षं पूर्ण लागतात, मृत्यू किंवा अपंगत्व असेल तर ती अट नाही. नव्या कोडमध्ये ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरच त्या प्रमाणात मिळते, हे अनेकांना अजून माहीतच नाही. वरची मर्यादा २० लाख, मार्च २०१८ पासून.

१६,००० वेतन आणि २० वर्षं नोकरी असली तर १,८४,६१५. आता त्या माणसाला दिवाळीनंतर तुम्ही हजार रुपये वाढ दिली. तुम्हाला वाटलं वर्षाचे १२,००० गेले. पण त्याच दिवशी त्याची ग्रॅच्युइटी १,९६,१५४ झाली, म्हणजे मागच्या वीस वर्षांचे ११,५३८ त्याच सहीने वाढले. पगारवाढ देऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, ती द्यायलाच पाहिजे, पण ती देताना दोन्ही आकडे समोर ठेवा.

वाळूजच्या एका युनिटमधली गोष्ट आहे. लेथवरचा जुना टर्नर, गंगापूरकडचा, हाताला असा की ड्रॉइंग बघितलं की डायमेन्शन पाठ. रिटायर झाला, त्याचे दोन लाखाच्या आसपास निघाले. मालक माणूस चांगला, पण कॅश क्रेडिटची लिमिट भरलेली, मोठ्या कंपनीचं पेमेंट नव्वद दिवसांवर, त्याने हप्त्याने देऊ म्हटलं. टर्नर गेटवर यायचा, वॉचमनजवळ बसायचा, आणि आतल्या पोरांना सगळं दिसायचं. कायद्याने ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं, ते तर आहेच, पण ज्या पोरांनी ते बघितलं त्यातले दोन चांगले ऑपरेटर सहा महिन्यांत दुसरीकडं गेले. त्यांनी मला सरळ सांगितलं, "साहेब, काकाला असं बसावं लागलं तर आमचं काय."

तर करायचं काय. पहिलं, वर सांगितलेल्या शीटमधला 'आज राजीनामा दिला तर' रकाना बेरीज करा, जो आकडा येईल तो तुमचं आजचं देणं. तो बघून छातीत धस्स होईल, होऊ द्या. दुसरं, पुढच्या पाच वर्षांत कोण कोण ५८ ला पोचतंय त्यांची वेगळी यादी करा, तो पैसा आधी जमवायचा. तिसरं, दर महिन्याला ४.८१ टक्के वेगळ्या खात्यात टाका. एलआयसी आणि इतर आयुर्विमा कंपन्यांच्या ग्रुप ग्रॅच्युइटी स्कीम असतात, ट्रस्ट करून त्यात पैसे भरले की ते धंद्याच्या खात्यातून बाहेर जातात, त्याच्यावर परतावा मिळतो, आणि मंजूर ट्रस्ट असेल तर भरलेल्या रकमेची इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते. नुसती ताळेबंदात तरतूद दाखवली तर ती वजावट मिळत नाही, हे तुमच्या सीएला विचारून घ्या. मागची थकबाकी एकदम भरायची ऐपत नसेल तर दोन-चार वर्षांत वाटून भरा, पण या वर्षाचं तरी चालू करा.

पायरी ४: ईएसआयचा पैसा भरताय तर तो वसूल करा

बऱ्याच मालकांना आणि कामगारांना ईएसआय म्हणजे कापून गेलेले पैसे वाटतात. दर कमी झालेत खरं तर, जुलै २०१९ मध्ये मालकाचा ४.७५ वरून ३.२५ वर आला आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ वर. एवढ्या पैशात बाजारात कुठलीही पॉलिसी हे देत नाही: कामगार, बायको-मुलं आणि त्याच्यावर अवलंबून आई-वडील यांचे उपचार, आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, कॅन्सर-टीबीसारखा यादीतला मोठा आजार असेल तर ८० टक्के आणि मुदत दोन वर्षांपर्यंत, बाळंतपणाला २६ आठवडे, कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर पेन्शन.

दवाखाना लांब आहे, औषध नाही मिळत, रेफर करायला वेळ लावतात, या तक्रारी आहेत आणि खऱ्या आहेत. तरीपण अर्ध्या वेळी अडचण आपल्याच कागदात असते. म्हणून मालकाने एवढं करावं:

जॉइनिंगच्याच दिवशी नोंदणी करा. महिना भरू द्या मग बघू, असं करू नका. पॉवर प्रेसवर बोट जायला पहिला दिवसही पुरतो, आणि अपघाताच्या तारखेनंतर नोंदणी केलेली दिसली की प्रकरण चिघळतं.

घरच्यांची नावं, आधार, फोटो सगळं चढवा. पोरगा राहतो रांजणगाव शेणपुंजीला, बायको-लेकरं कन्नडच्या खेड्यात, आणि कार्डावर फक्त त्याचं एकट्याचं नाव, मग बायको आजारी पडली की सगळे पळतात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर व्याजाने पैसे काढून खासगीत. ई-पहचान कार्डाची प्रिंट त्याच्या हातात द्या आणि एक घरी पाठवायला सांगा.

आजारपणाच्या पैशासाठी मागच्या सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. तुम्ही हजेरी कमी दाखवून चलान कमी भरलं तर हाच आकडा तुटतो आणि त्याचा क्लेम जातो. अपघाताला ही अट नाही, पण अपघाताचा रिपोर्ट लगेच ऑनलाइन टाकायचा, 'आधी बघू किती लागलंय' असं म्हणत थांबायचं नाही.

पायरी ५: २१,००० ची रेघ आणि मेडिक्लेम

ईएसआयची पगार मर्यादा २१,००० आहे, जानेवारी २०१७ पासून तीच. अपंग कामगाराला २५,०००. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत, पण जुन्या ईएसआय कायद्यात अंशदान मात्र ओव्हरटाइमवरही भरायचं होतं, इथं खूप गोंधळ होतो. आणि मध्येच पगार २१,००० वर गेला तर तो अंशदान काळ संपेपर्यंत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, माणूस ईएसआयमध्येच राहतो.

खरा प्रश्न पुढं येतो. २०,८०० चा माणूस २१,५०० वर गेला, तो खुश, अंशदान काळ संपला की मालकाचेही महिन्याचे ६७६ वाचले, आणि ईएसआयचा लाभ संपला की त्याच्या घरात दवाखान्याचा तो आधार राहत नाही. शिवाय कामावरच्या अपघाताची जबाबदारी आता थेट मालकावर. म्हणून माझ्या सगळ्या युनिट्सला मी एक नियम घालून देतो, ज्याची वाढ रेघ ओलांडते त्याच्या वाढीच्या पत्रासोबतच ग्रुप मेडिक्लेम आणि अपघाताची भरपाई पॉलिसी तयार पाहिजे. जमत नसेल तर वाढीची तारीख आणि पॉलिसीची तारीख जुळवा.

आता मेडिक्लेमचा वाढता हप्ता. छोट्या ग्रुपचं गणित नाजूक असतं, तीस माणसांत एक बायपास आणि एक सिझेरियन निघालं की पुढच्या वर्षी हप्ता उडतो. अशा वेळी बरेच मालक सरळ पॉलिसी बंद करतात किंवा पाच लाखाचं कव्हर दोन लाखावर आणतात. ते करायच्या आधी हे बघा.

रिन्युअलच्या किमान दोन महिने आधी टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडून) वर्षाचा क्लेम रिपोर्ट लेखी मागवा. हप्ता किती भरला, क्लेम किती गेला, कुठल्या वयोगटात गेला. हा कागद हातात नसेल तर दुसरी कंपनी धड कोटेशन देत नाही आणि एजंट सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर काहीच हातात राहत नाही.

बहुतेक ठिकाणी क्लेमचा मोठा भाग आई-वडिलांचा निघतो. त्यांना काढून टाकू नका, आपल्याकडच्या पोराला स्वतःपेक्षा आई-बापाच्या दवाखान्याचीच चिंता जास्त असते. त्याऐवजी त्यांच्या क्लेमवर १० किंवा २० टक्के को-पे (बिलातला तेवढा वाटा कामगाराने भरायचा) ठेवा, रूम रेंटला मर्यादा घाला, मोतीबिंदू-गुडघ्यासारख्या ठरलेल्या ऑपरेशनला ठरलेली रक्कम ठेवा. कामगाराचं स्वतःचं, बायकोचं आणि मुलांचं कव्हर पूर्ण ठेवा. आई-वडिलांचा हप्ता अर्धा मालक, अर्धा कामगार असंही चालतं, लोक खुशीने देतात असा माझा अनुभव आहे, फक्त आधी बसून सांगायला पाहिजे.

मग सरकारी कव्हर. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. आणि ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं ५ लाखाचं कार्ड, उत्पन्न कितीही असो. एक दिवस ठरवा, आपले सरकारचं सेंटर चालवणाऱ्या पोराला कारखान्यातच बोलवा, सगळ्यांना आधार आणि रेशन कार्ड घेऊन यायला सांगा आणि कार्डं काढून टाका. योजनेतल्या हॉस्पिटलांची जवळची यादी नोटीस बोर्डवर लावा. मोठं ऑपरेशन योजनेतून झालं तर तुमच्या ग्रुप पॉलिसीवर तो क्लेम येतच नाही, आणि पुढच्या वर्षीचा हप्ता त्या प्रमाणात ताब्यात राहतो.

जीएसटीचंही सांगतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली मेडिक्लेमवरचा जीएसटी शून्य झालाय, ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के तसाच आहे. त्यामुळे पाच-सात जणांचाच प्रश्न असेल तर त्यांना स्वतःची फॅमिली पॉलिसी घ्यायला लावून हप्त्याचे पैसे पगारात द्यायचे, हाही हिशोब करून बघा. पण तिथं आधीच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो, ग्रुपमध्ये बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून मिळतं, म्हणून ज्याला शुगर-बीपी आहे त्याला ग्रुपमध्येच ठेवा.

नव्या कोडप्रमाणे ४० च्या वरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची आहे. हा खर्च टाळू नका. नाइट शिफ्टवाल्यांत आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ उभं राहणाऱ्यांत बीपी-शुगर वेळेवर सापडली तर गोळीवर भागतं.

पायरी ६: पेन्शनचे कागद आत्ताच नीट करा

मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, १५,००० वर म्हणजे १,२५०, बाकीचे ५५० पीएफला. पेन्शन ठरते ती अशी: शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ च्या आधीची वर्षं ६,५०० च्या हिशोबाने. म्हणजे सप्टेंबर २००० ला लागून २०२६ ला रिटायर होणाऱ्याचे जुन्या १४ वर्षांचे १,३०० आणि नंतरच्या १२ वर्षांचे २,५७१, वीस वर्षांवरच्या नोकरीला मिळणारं दोन जादा वर्षांचं वेटेज सोडून ३,८७१ महिना. २६ वर्षं घाम गाळून एवढं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच आहे, ईपीएस ९५ म्हणजे याच पेन्शन योजनेतले म्हातारे ७,५०० साठी वर्षानुवर्षं आंदोलन करतायत, आणि इकडे १ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्याला युनिफाइड पेन्शनचा पर्याय मिळाला, २५ वर्षांच्या नोकरीला शेवटच्या वर्षाच्या सरासरी बेसिकच्या निम्मे. हा फरक मला टोचतो.

म्हणूनच जे थोडं मिळतंय ते तरी कागदामुळे अडकू नये. १० वर्षांची नोकरी पूर्ण लागते. नोकरी बदलली की पोरं पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून घेतात, आणि मागची वर्षं पुसली जातात. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न विचारा, आधीचा यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर आहे का. असेल तर त्याच्यावरच चालू करा, जुनी खाती ट्रान्सफर करून घ्या. मध्ये गॅप असेल तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या नोकरीचा पेन्शनसाठीचा दाखला) घ्यायला सांगा.

जन्मतारीख बघा. आपल्याकडं गावातल्या अर्ध्या लोकांची शाळेतली तारीख १ जून, गुरुजींनी टाकलेली, आणि आधारवर १ जानेवारी, नाव एकीकडं 'बाबासाहेब' दुसरीकडं 'बाबासाहेब रावसाहेब' आणि तिसरीकडं स्पेलिंग वेगळं. तिशीत कोणी बघत नाही, ५८ ला क्लेम रिजेक्ट होतो. दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक चारही समोर ठेवून आत्ताच जॉइंट डिक्लरेशन (मालक आणि कामगाराचा एकत्र अर्ज) करून दुरुस्त करा. ई-नॉमिनेशन भरलेलं नसेल तर त्याच बैठकीत भरून घ्या, कारण नोकरीत असताना काही झालं तर ईडीएलआयचे ७ लाखांपर्यंत आणि विधवा पेन्शन त्या कागदावर लवकर सुटते.

चलान १५ तारखेच्या आत. उशिराला वर्षाला १२ टक्के व्याज, वर दंड महिन्याला १ टक्का.

पायरी ७: ठेकेदार आणि सरकारी मदत

ठेकेदाराने पीएफ-ईएसआय बुडवला तर मूळ मालक जबाबदार. त्याचं बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याचं चलान आणि त्यासोबतची नावांची यादी मागा, नुसतं चलान नको, आणि तुमच्या गेट रजिस्टरवरची नावं त्यात आहेत का ते टिक करून बघा. दोन-तीन कामगारांना मोबाइलवर पासबुक उघडून दाखवायला सांगितलं की लगेच कळतं.

नवीन भरती करणार असाल तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना बघाच. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये वाढवलेल्या माणसांमागे मालकाला महिन्याला पगाराप्रमाणे ३,००० पर्यंत मिळतात, दोन वर्षं, आणि कारखान्याला चार वर्षं. ५० च्या आत माणसं असतील तर किमान दोन वाढवायची, ५० किंवा जास्त असतील तर पाच, आणि ती सहा महिने टिकवायची. १०,००० ते २०,००० पगाराला २,००० म्हणजे वरच्या उदाहरणातला मालकाचा पीएफचा पूर्ण १,९५० निघून येतो. यात अट एकच खरी, माणूस पीएफमध्ये पाहिजे आणि चलान वेळेवर पाहिजे.

पायरी ८: रिटायर होणाऱ्याचा शेवटचा महिना

५८ पूर्ण व्हायच्या तीन महिने आधी माणसाला ऑफिसात बोलवा आणि बायकोलाही सोबत आणायला सांगा, बऱ्याच घरांत कागद तिच्याच पेटीत असतात. पेन्शनचा १०डी फॉर्म, दोघांचा एकत्र फोटो, बँकेचं खातं. पैशाची फार ओढ नसेल तर ६० पर्यंत थांबायचा पर्यायही सांगा, वर्षाला ४ टक्के पेन्शन वाढते. ५० नंतर आधीच घेतली तर उलट दर वर्षाला ४ टक्के कमी होते आणि ती कायमची कमी राहते, गरजेपोटी घेणारे खूप आहेत म्हणून स्पष्ट बोला. सोडल्याची तारीख पोर्टलवर त्याच आठवड्यात टाका, ती नसली की काहीच पुढं सरकत नाही. ग्रॅच्युइटीचा चेक शेवटच्या दिवशीच द्यायचा प्रयत्न करा, पायरी ३ केली असेल तर तो तयारच असतो.

आणि एक छोटी गोष्ट जी जवळपास कोणीच सांगत नाही: रिटायर होईपर्यंत ईएसआयमध्ये असलेल्या आणि किमान पाच वर्षं झालेल्या माणसाला पुढंही वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि बायकोचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. त्याचा फॉर्म भरून, मालकाची सही-शिक्का मारून, पहिल्या वर्षाचे १२० रुपये कंपनीनेच भरून ती पावती त्याच्या फाइलमध्ये लावून द्या, आणि दर वर्षी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासोबत हेही रिन्यू करायचं असं त्याच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.